पाव फेरा

पंपाच्या पाठीमागं, टोपीखाली
एक स्क्रू असतो. त्याच्या नटाला तेराचा पाना लागतो.
वर तार, तारेला शिशाचा मणी,
मण्यावर कंपनीचा शिक्का,
म्हणजे इथवरच.

अक्कलकोट रोडला आमचं शटर.
दोन्ही बाजूंना टॉवेलांचे माग,
त्या खडखडाटात अप्पा नोझलचा आवाज ऐकायचे.
आधी अकरा वर्षं जॉबर होते तिथंच.
धागा तुटायच्या आधी ऐकू येतो, म्हणायचे,
मग डिझेल काय, ते तर बोलतंच.

शाळेतून आले की मी बेंचवर.
मोटर फिरायची, काचेच्या चार नळ्यांत तेल चढायचं,
शेंगतेलाच्या रंगाचं, पण पातळ.
हजार ठोके. मग फेस बसू द्यायचा.
डोळा रेषेला लावून मी आकडा सांगायची,
अप्पा वहीत मांडायचे.

बसू कलशेट्टीची अँबेसिडर, इसुझू इंजिनची.
आत नऊ माणसं, टपावर जावळाची पातेली,
तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरलाच रडायची.
"टेम्पो पुढं जातोय की अप्पा माझ्या. टेम्पो!"
अप्पांनी शिसं तोडलं.
नट ढिला केला, स्क्रू आत, पाव फेरा.
आयडल वर गेला, तो खाली आणला.
एकतीसचे पस्तीस. चारी नळ्या सारख्या.

"डिझेल मी देतो," म्हणाले, "वारा कुठनं आणू?
आरशात बघत जा. मागचा माणूस
धुरात दिसंना झाला की परत ये."

बसू तिसऱ्याला घाट चढला.
पेढे घेऊन आला, चौकापासनं हॉर्न वाजवत.

चैत्रात तीच गाडी ट्रॅक्टरमागं दोरानं आली.
पिस्टनला भोक. माझी करंगळी आरपार गेली.
काठ वितळून गोल झालेले, हाताला गुळगुळीत.
मी बसूकडं बघितलं, बसू जमिनीकडं.
यानंच घरी पाना फिरवला असणार,
असं मी ठरवलं. चौदाची होते.
पुढं वीस वर्षं ठरवलेलं तसंच ठेवलं.
अप्पा काही बोलले नाहीत.
पिस्टन, लायनर, गॅस्केट,
सगळं आमच्याच गल्ल्यातनं गेलं.
आई महिनाभर विडीच्या पानांशी बोलली,
आमच्याशी नाही.

अप्पा गेल्यावर गल्ला हलवला, तर खाली वही.
गाडीचा नंबर. एकतीस, पस्तीस.
त्याखाली दुसरी तारीख. एकेचाळीस.
अक्षर अप्पांचंच.
पुढं दोन शब्द, तेलुगूत.

तेलुगू मी बोलते, भांडते, हिशेब करते.
वाचता येत नाही. शाळा मराठी.
साखर पेठेत राजम्मा आत्याकडं वही नेली.
तिनं सूप मांडीवरनं उतरवलं,
बोटांची तंबाखू लुगड्याला पुसली,
वही लांब धरली.
"इंका कोंचेम," म्हणाली. "अजून थोडं."
एवढंच?
एवढंच.
कुणाला पाहिजे होतं, ते लिहिलेलं नव्हतं.

बसू आता कुठं असतो माहीत नाही.
जोडबसवण्णा चौकात कुणी म्हणालं, इंडीला शेती करतो.
जायला पाहिजे. गेले नाही.

आज एक पोरगं आलं, काकाची जुनी जीप घेऊन.
"ताई, धूर पाहिजे. काळा. पोरं मागं राहायला पाहिजेत."
मी म्हटलं, आधी बेंच.
पंप उतरवला. मोटर लावली. फेस बसू दिला.
नळीला डोळा लावताना सवयीनं
आकडा मोठ्यानं सांगितला,
आणि शेजारी माग चालूच होते.

मग वही ओढून मीच लिहिला.
पोरगं पानाकडं बघत होतं.
पुढची जागा मी अजून कोरी ठेवलीय.